हवेची सुई

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये जशुभाई पंचालने
पत्रा वाकवून दिला मला
अकरा लिटरचा डबा.
मागची सीट काढली, तिथे बसवला.
शरयू म्हणाली, माझ्या जागी पेट्रोल बसवलंस.
डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर
तीच म्हणाली होती, आता मला नेऊ नकोस.
दोन्ही वाक्यं तिचीच,
आणि मी मधोमध
पाना धरून उभा.

कागदावर हिशेब सरळ होता.
पुढे पंधरा, मागे अकरा,
वडोदऱ्याहून धोळावीरा,
मधल्या मिठात पंप नसला तरी चालेल.
पाणी उताराला जातं, पेट्रोलही जाईल.

नाही गेलं.
पोरच्या अलीकडे कॉक मागच्या टाकीवर वळवला
आणि बाराव्या किलोमीटरला गाडी खोकली,
एकदा, दोनदा, मग
नुसतं टायरचं बोलणं रस्त्याशी.
टाकी हलवली, आत डुबुक.
म्हणजे आहे.
झाकण उघडून पाहिलं, आहेच.
झाकण लावलं, किक मारली, सुरू!
करजणच्या आधी पुन्हा तेच.
कपाशीतून एक म्हातारा वर आला,
थोडा वेळ माझ्याबरोबर टाकीकडे बघत राहिला,
काही न बोलता परत गेला.

जशुभाई फोनवर: फिल्टर बदलो.
बदलला.
नळी चेपली असेल. नव्हती.
सायलेन्सरच्या धगीने वाफ धरत असेल,
म्हणून नळीला चंदेरी पट्टी गुंडाळली,
गाडी दिसायला लागली बँडेजमधल्या पेशंटसारखी.
कार्ब्युरेटर खोलला, जोडला,
एक स्प्रिंग उरली,
पुन्हा खोलला.
थई जशे, म्हणाला जशुभाई. आठवडाभर म्हणत होता.

शनिवारी रात्री पार्किंगमध्ये
शरयू टॉर्च घेऊन उतरली,
कठडा धरून, एकेक पायरी.
इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, मागच्या टाकीवर.
मेलं.
मी झाकण फिरवलं.
स्स्.
परत कर, ती म्हणाली.
परत केलं. दहा मिनिटं. स्स्.
हे बाहेर नाही पडलं, ती म्हणाली. आत ओढलं गेलं.

मग पायरीवर बसून, गुडघा लांब करून,
सयाजीच्या वॉर्डातलं सांगत होती.
काचेच्या बाटल्या होत्या तेव्हा
रात्रपाळीला थेंब अडायचा,
नव्या पोरी नळी पिळायच्या,
शिरेला दोष द्यायच्या,
पेशंटचा हात उलटा-सुलटा करायच्या.
अगं वर बघ की.
बाटलीच्या बुचात दुसरी सुई खुपस. हवेची.
आत जाईल तेवढंच बाहेर येतं.

टाकीची हवेची नळी मी विसरलोच होतो,
सीटखालून मडगार्डमागे सोडलेली.
तार घातली, अर्ध्या बोटावर अडली.
ढोसली,
तर तळहातावर आला मातीचा बोंडूक,
कुंभारमाशीचं घर.
उजव्या गुडघ्याच्या वेळी
गाडी चार महिने कव्हरखाली होती,
तिला वाटलं असेल, रिकामी खोली.
फुटल्या कडेतून दिसले तीन हिरवे कोळी
आणि त्यांच्यावर एक पिवळी अळी.
मेलेत, मी म्हणालो.
टॉर्च जवळ नेऊन शरयूने नीट पाहिलं.
नाही, म्हणाली. भूल दिलीय.
आणि तो बोंडूक उचलून
मीटरच्या पेटीवर ठेवला, भिंतीला टेकवून,
मुंगीचा रस्ता टाळून.

इंजिन चालू केलं.
दहा मिनिटं. वीस.
वरच्या मजल्यावरचे घोरपडे ओरडले, झोपू द्या!
मी बंद केलं तेव्हाही ते मेलं नव्हतं, मी बंद केलं.
नळीला बारीक जाळी लावावी लागेल, म्हटलं.
हं, म्हणाली.
हात धुतले तरी वास जात नव्हता.
ती अजून पायरीवरच.

टाकी निघते किती वेळात?
चार बोल्ट, मी म्हणालो. दहाचा पाना.
आणि सीट?
माळ्यावर आहे.

टॉर्च तिने लगेच बंद केला नाही.